विद्यापीठाच्या माध्यम कार्यालयात विद्यार्थी-डिझायनर: पंधरा आठवडे खऱ्या कामातून शिकवण्याची रीत

माध्यम कार्यालयाकडे काम येते ते बहुधा असे: परवा व्याख्यान आहे, पोस्टर आज संध्याकाळपर्यंत हवे, मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला आहे आणि त्यात पाहुण्यांचे आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिले आहे. अशा कामावर विद्यार्थ्याला नुसते बसवले, तर तो घाई करायला शिकतो. डिझाइन शिकण्यासाठी त्याला आणखी तीन गोष्टी लागतात: विचार करायला पुरेसा वेळ, कामावर लेखी शेरा देणारा माणूस आणि छापून आलेली वस्तू हातात घेऊन तपासण्याची संधी. या तिन्ही गोष्टींची सोय कार्यालयाने करायची असते. खरी मुदत आणि खरा वाचक वर्गात मिळत नाहीत, ते इथे आयते मिळतात.

हा लेख बडोद्यातली परिस्थिती समोर ठेवून लिहिला आहे. इथे विद्यापीठ १९४९ चे आणि फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची, म्हणजे डिझाइन शिकणारी मुले शहरात भरपूर आहेत. शिवाय इथला कोणताही फलक गुजराती, इंग्रजी आणि बऱ्याचदा हिंदी वा मराठी अशा दोन-तीन भाषांत लागतो. ही अडचण आहे तसाच हा उत्तम अभ्यासही आहे. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरातली मुले गुजराती आणि देवनागरी दोन्ही लिप्या सहज वाचतात. त्यांचे हे कौशल्य कार्यालयाने आवर्जून वापरावे.

किती मुले, किती तास

एका अनुभवी मार्गदर्शकामागे सहा मुले पुरे. यापेक्षा जास्त झाली की शेरे तोंडी होतात आणि तोंडी शेरा दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. आठवड्याला आठ तास, पंधरा आठवडे, म्हणजे प्रत्येकी १२० तास. ३० तासांचा एक क्रेडिट धरला तर हे चार क्रेडिट होतात. विभागाशी आधीच पत्रव्यवहार करून ते पदरात पाडून घ्या. सत्र संपल्यावर क्रेडिट मागायला गेलात तर हजेरीच्या नोंदी विचारतात आणि त्या कोणी ठेवलेल्या नसतात.

सहा जणांचे मिळून आठवड्याचे ४८ तास हाताशी असतात. तीन भाषांतले एक पोस्टर, कच्च्या आराखड्यापासून छापखान्याच्या फाइलपर्यंत, नवख्या मुलांचे १२ ते १४ तास घेते. म्हणून आठवड्याला दोनच कामे स्वीकारा. उरलेला वेळ चर्चा, तपासणी आणि पुन्हा करून पाहण्यासाठी राखा. हा हिशोब कुलसचिव कार्यालयाला सत्राच्या सुरुवातीलाच लेखी कळवा, नाहीतर तिसरे, चौथे, पाचवे काम आपोआप येत राहते.

सगळी मुले फाइन आर्ट्सचीच घेऊ नका. उपयोजित कलेची तीन, पत्रकारितेची दोन आणि भाषा विभागाचे एक असा गट चांगला चालतो. भाषेच्या मुलाला सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत जमते. शुद्धलेखन दोन आठवड्यांत कोणालाच येत नाही.

निवडीसाठी जुन्या कामांचा संग्रह बघा, पण त्यावर विसंबू नका. प्रत्येकाला तोच १५० शब्दांचा कच्चा मजकूर द्या, त्यात मुद्दाम चार चुका पेरा (तारीख आणि वार जुळत नाही, एक नाव दोन प्रकारे, स्थळ अर्धवट, वेळ सकाळची की संध्याकाळची ते नाही) आणि तीन तासांत ए-फोर आकाराचे पत्रक मागा. सुंदर पत्रक करणाऱ्यापेक्षा चुका विचारायला येणारा विद्यार्थी आधी घ्या. परीक्षेसाठी दिलेले काम पुढे प्रत्यक्ष वापरू नका. निवड न झालेल्या मुलाची मेहनत फुकट वापरल्यासारखे होते.

पहिले दोन आठवडे: जुने काम उलगडणे

या काळात नवे काम देऊ नका. मागच्या वर्षीचे एक पोस्टर, एक निमंत्रणपत्रिका आणि एक प्रमाणपत्र द्या आणि ते जसेच्या तसे पुन्हा बांधायला सांगा: त्याच मापात, त्याच अक्षरांत. नक्कल करताना मुलाला कळते की समास किती सोडला आहे, बोधचिन्हाभोवती किती मोकळी जागा आहे, चार ओळींचे पदनाम दोन ओळींत कसे बसवले आहे. मग त्याच मजकुराची स्वतःची आवृत्ती करायला सांगा.

याच काळात सगळ्यांनी मिळून एक पानाचा नियमतक्ता करावा. बोधचिन्ह छपाईत कमीत कमी १५ मिलिमीटर रुंद, भोवती त्याच्या उंचीच्या चौथ्या भागाइतकी मोकळी जागा, दोन मुख्य रंगांचे सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) आणि आरजीबी (पडद्यावरचे) आकडे, प्रत्येक लिपीचा ठरलेला फॉण्ट, अधिकाऱ्यांची नावे आणि पदनामे तिन्ही भाषांत. बोधचिन्ह संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नका, ते बहुधा ३०० पिक्सेलचे असते आणि स्टँडीवर (मोठ्या उभ्या फलकावर) फुटते. मूळ व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फुटणारी, शोधा. ती मिळत नसेल तर पुन्हा रेखून अधिकृत मान्यता घ्या. सत्रातले पहिले उपयोगी काम म्हणून हे उत्तम आहे.

एक सूचना आमच्याकडून आग्रहाची. बडोद्यात प्रत्येक पोस्टरवर वडाचे झाड, कला शाखेचा घुमट किंवा लक्ष्मी विलास पॅलेस येतो. पहिल्या महिन्यात या तिन्हींना बंदी घाला. विषय जैवरसायनाचा असेल तर चित्र जैवरसायनातूनच निघाले पाहिजे.

ब्रीफ: काम लेखी आल्याशिवाय सुरू नाही

ब्रीफ म्हणजे कामाची लेखी मागणी. तिच्यासाठी एक पानाचा अर्ज करा. त्यात हे प्रश्न असावेत: हे कोण वाचणार आणि वाचून त्याने काय करायचे? ते कुठे लागणार, किती अंतरावरून दिसणार? कोणत्या भाषा? किती प्रती? शेवटची मान्यता कोणाची? मजकुरातल्या नावांची खातरजमा कोणी केली? कार्यक्रम रद्द वा पुढे ढकलला तर कोण कळवणार?

शेवटच्या मान्यतेच्या जागी एकच नाव असले पाहिजे. दोन नावे असली की पहिला रंग बदलायला सांगतो, दुसरा तो पूर्ववत करायला सांगतो, आणि मुलाचे सहा तास जातात. काम तोंडी वा व्हॉट्सॲपवर आले तर विद्यार्थ्यानेच अर्ज भरावा आणि विभागाला पाठवून 'बरोबर आहे' असे उत्तर मागावे. संकोच वाटतो, पण पुढे ग्राहकाशी बोलताना हीच सवय उपयोगी पडते.

निमंत्रणपत्रिकेचे वेळापत्रक कार्यक्रमाच्या दिवसापासून मागे मोजा. एकवीस दिवस आधी अर्ज, अठरा दिवस आधी दोन कच्चे आराखडे, पंधरा दिवस आधी एका भाषेतील पूर्ण मांडणी, तेरा दिवस आधी उरलेल्या भाषा, अकरा दिवस आधी सही, दहा दिवस आधी छापखाना, सात दिवस आधी पत्रिका हातात. बडोद्यात यात सणही धरावे लागतात. दिवाळीनंतर इथले बरेचसे व्यवहार लाभपंचमीला उघडतात, तेव्हा नोव्हेंबरच्या कार्यक्रमाची छपाई धनत्रयोदशीच्या आधीच आटपा. नवरात्रात छापखान्यात रात्रपाळी धरू नका. उत्तरायणाचे १४ आणि १५ जानेवारी हे दोन्ही दिवस बादच समजा.

कोणते काम कधी

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात लहान कामे द्या: सूचना, समाजमाध्यमावरची एक प्रतिमा, प्रमाणपत्र. प्रमाणपत्र क्षुल्लक वाटते, पण नवख्यासाठी याहून चांगले काम आम्हाला ठाऊक नाही. नाव लहान असो की चार शब्दांचे, ओळ सावरली पाहिजे. सहीच्या वर जागा उरली पाहिजे. चित्राच्या आड काही लपवता येत नाही. नावांची यादी एक्सेलमधून ओतायची तर आधी सर्वात लांब आणि सर्वात आखूड नाव घालून बघा, मग सगळी ओता.

सहाव्या ते नवव्या आठवड्यात मालिका द्या, उदाहरणार्थ चार व्याख्यानांची चार पोस्टर. पहिल्यात ठरवलेली चौकट चौथ्या वक्त्याच्या लांबलचक विषयाला पुरते का, हे तिसरे पोस्टर करताना कळते आणि मग चौकटच बदलावी लागते. ती बदलू द्या. या टप्प्याला एकाने मांडणी, दुसऱ्याने मजकूर, तिसऱ्याने छपाई बघावी आणि प्रत्येक पोस्टरला भूमिका फिरवाव्यात.

दहाव्या ते तेराव्या आठवड्यात गटाचे स्वतःचे मोठे काम. नव्या विद्यार्थ्यांसाठी परिसराचा घडीचा नकाशा हा चांगला विषय आहे. ए-थ्री कागद (४२० बाय २९७ मिलिमीटर) आधी लांबीला समांतर मधोमध दुमडायचा, मग १०५ मिलिमीटरच्या चार पट्ट्यांत पंख्यासारखी घडी. खिशात मावणारा ए-सिक्स होतो आणि प्रत्येक बाजूला आठ चौकटी मिळतात. कागद १०० ते १२० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) ठेवा. त्याहून जाड कागद जिथे दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे तडकतो आणि महिन्याभरात भोक पडते. त्या छेदबिंदूंवर अक्षर येऊ देऊ नका.

नकाशात आवाराबाहेरचे चार टप्पे घाला: सूरसागर, न्यायमंदिर (१८९६), कीर्तिमंदिर (१९३६) आणि तांबेकर वाडा. प्रत्येक ठिकाणी दोघांनी प्रत्यक्ष जाऊन प्रवेशाची बाजू, वेळ आणि पायऱ्या नोंदवाव्यात, कारण चाकाच्या खुर्चीवरचा विद्यार्थीही हा नकाशा वाचणार आहे. माहितीच्या ओळी प्रत्येकी २५ शब्दांच्या आत. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत, तांबेकर वाड्यात मराठा काळातली. ही चित्रे नकाशात छापायची तर फोटोची परवानगी लेखी घ्या. वर्ष, नाव, स्पेलिंग यांतली प्रत्येक गोष्ट कोणत्या कागदावरून घेतली ते वेगळ्या यादीत लिहून ठेवायला लावा. पत्रकारितेच्या मुलांचा खरा उपयोग इथे होतो.

तीन लिप्या एका पानावर

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

फॉण्ट युनिकोडचाच हवा आणि तिन्ही लिप्या एकाच कुळातल्या असाव्यात. हिंद हा देवनागरीसाठी आणि त्याचाच भाऊ हिंद वडोदरा गुजरातीसाठी, दोन्हींत रोमन अक्षरे आहेतच. मुक्ता आणि मुक्ता वाणी ही दुसरी जोडी. 'अनेक' (Anek) नावाच्या कुळात देवनागरी, गुजराती आणि रोमन तिन्ही आहेत आणि जाडी-रुंदी हवी तशी बदलता येते. ही सगळी विनामूल्य मिळतात, तेव्हा चोरीचे फॉण्ट वापरायचे कारण नाही.

पॉइंटचा आकडा तिन्ही लिप्यांना सारखा ठेवला तर अक्षरे सारखी दिसत नाहीत. देवनागरीत शिरोरेषेमुळे ओळ गडद आणि बांधीव दिसते, गुजरातीत ती नसल्याने ओळ मोकळी वाटते. म्हणून दोन्हींतला 'क' शेजारी ठेवून त्याची उंची जुळवा आणि मग जो आकडा येईल तो घ्या. ओळींमधले अंतरही वेगळे लागते. इंग्रजी १२ पॉइंटला १५ पुरतात, देवनागरीला १८ द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. देवनागरीत अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. शीर्षकाला ऐसपैस करायचे तर शब्दांमधले अंतर वाढवा किंवा रुंद वळण निवडा. पातळ अक्षराला बाहेरून रेघ देऊन जाड करण्याचा मोहही टाळा. मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत बुजतात.

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर ओतल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे गेली किंवा पायमोडकी अक्षरे सुटी दिसली, तर दोष फॉण्टचा नसतो. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्येही तशीच निवड आहे. भाषा 'मराठी' अशी नोंदवा. फॉण्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. पैसे नसतील तर इंकस्केप आणि स्क्रायबसची नवी आवृत्ती ही दोन्ही जोडाक्षरे नीट बांधतात. फॉण्ट नक्की करण्याआधी हे शब्द लावून बघा: उद्घाटन, राष्ट्रीय, वैशिष्ट्य, विद्यार्थ्यांनी, दुसऱ्या, ऱ्हास, ॲप. यांतला एक जरी फुटला तरी तो फॉण्ट सोडा, कारण निदान पहिला शब्द तरी प्रत्येक पत्रिकेत येणार आहे.

काही विभागांकडून मजकूर अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये येतो आणि उघडल्यावर रोमन अक्षरांची रास दिसते. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर बरेचसे बरोबर करते. रफार, अनुस्वार आणि अर्धा र यांवर ते चुकते. मूळ छापील कागद समोर ठेवून एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून जुळवायचे.

पदनामांचा एक सापळा नियमतक्त्यात सर्वात वर लिहा. गुजरातीत आणि बहुधा हिंदीतही व्हाइस चान्सलरला कुलपति म्हणतात. मराठीत व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू आणि चान्सलर म्हणजे कुलपती. गुजराती पत्रिकेवरून मराठी करताना शब्द तसाच उचलला तर प्रमुख पाहुण्यांचे पदच बदलते. तिथींचेही तसेच. मराठी आणि गुजराती दोन्ही पंचांगांत महिना अमावस्येला संपतो, उत्तरेच्या हिंदी पंचांगात पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षातली एकच तिथी मराठी-गुजरातीत श्रावण वद्य अष्टमी असते आणि हिंदीत भाद्रपद कृष्ण अष्टमी. संवत आणि शके यांचे आकडेही निराळे. तिथी छापणे गरजेचे नसेल तर इंग्रजी तारीख आणि वारच द्या. फोन नंबर तिन्ही भाषांत एकाच अंकांत ठेवा, लोक तो बघून फिरवतात.

चर्चा आणि दुरुस्त्या

कच्चा आराखडा पडद्यावर दाखवू नका. खऱ्या मापात छापा. मोठे असेल तर ए-फोरचे तुकडे चिकटवा आणि ज्या उंचीवर लागणार त्या उंचीवर भिंतीला लावा. पहिली तीन मिनिटे कोणी बोलायचे नाही. मग काम न केलेल्या मुलांनी सांगायचे की त्यांना काय कळले: काय, कधी, कुठे, कोणासाठी. करणाऱ्याने मधे बोलायचे नाही. 'आवडले नाही' हा शेरा घेऊ नका. 'वेळ शोधायला लागली' हा घ्या. मार्गदर्शकाचा शेरा सर्वात शेवटी आणि लेखी, जास्तीत जास्त तीन मुद्दे. नवख्याला एकदम दहा दुरुस्त्या सांगितल्या तर तो दहाही यांत्रिकपणे करतो आणि का केल्या ते विसरतो.

विभागाकडून येणारे शेरे वेगळे असतात आणि त्यांचा अर्थ लावायला शिकवावे लागते. 'बोधचिन्ह मोठे करा' याचा अर्थ पुष्कळदा असा की कार्यक्रम कोणाचा ते कळत नाही. आयोजकाची ओळ वर नेली की मागणी मिटते. 'जरा उठाव येऊ दे' म्हणजे सगळे एकाच आकाराचे झाले आहे. मुलांनी शेरा जसाच्या तसा लिहून घ्यावा आणि त्याखाली आपल्याला समजलेले कारण लिहावे. विभागाला दोन फेऱ्या मोफत, तिसरी आली तर मार्गदर्शक स्वतः बोलेल, असा नियम ठेवा. विद्यार्थ्याला विभागप्रमुखांसमोर एकटे उभे करू नका.

फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग कामाचे नाव, भाषा आणि आवृत्तीचा आकडा. 'फायनल' हा शब्द नावात कधीच घालू नका. सही झालेली आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त वाचण्यासाठी खुली.

मुद्रितशोधन दोघांनी, छापील प्रतीवर, लाल पेनाने. क्रम असा: आधी तारीख-वार कॅलेंडरवर, मग वेळ, स्थळ, नावे, पदनामे, मग उरलेला मजकूर. क्यूआर दोन वेगळ्या फोनवर छापील प्रतीवरून तपासा. फिरत्या दुव्याचे (मधल्या संकेतस्थळावरून पुढे वळवणारे) मोफत क्यूआर पुष्कळदा काही दिवसांनी बंद पडतात, तेव्हा थेट पत्त्याचाच करा. हातात धरायच्या पत्रकावर तो किमान दोन सेंटिमीटर हवा. भिंतीवर असेल तर अंतराचा दहावा भाग, म्हणजे दोन मीटरवरून वीस सेंटिमीटर. भोवती पांढरी कड सोडा आणि त्याला उलटा, पांढऱ्यावर काळ्याऐवजी काळ्यावर पांढरा, करू नका.

छपाई

मुलांना छापखान्यात न्या. निदान दोनदा, एकदा फाइल देताना आणि एकदा काम चालू असताना. कटिंग मशीनची पात खाली येताना बघितली की तीन मिलिमीटर ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर जाणारा जादा रंग) का सोडायचे ते एकदाच सांगावे लागते. मजकूर कापाच्या रेषेपासून पाच मिलिमीटर आत, शिलाईच्या बाजूला दहा.

आकार ठरवण्याआधी कागदाचे गणित करा. डिजिटल छपाईचा ताव बहुधा १३ बाय १९ इंचांचा असतो आणि कडा सोडून साधारण १२.५ बाय १८.५ इंच वापरता येतात. ब्लीडसह ५ बाय ७ इंचांच्या पत्रिका त्यावर चार बसतात, ४ बाय ६ च्या आठ. ५०० पत्रिकांना पहिल्या मापात १२५ ताव, दुसऱ्यात ६३. लांबी-रुंदीत एकेक इंच कमी केल्याने कागदाचा खर्च जवळपास निम्मा. आठ बसवताना जागा अगदी काठावर येते, म्हणून मशीनची नेमकी छापता येणारी जागा आधी विचारून घ्या. वाया जाणारे पाच टक्के धरूनच ताव सांगा.

पोस्टरला १७० जीएसएम आर्ट पेपर, पत्रिकेला ३००, माहितीपत्रकाला १३०. १७० च्या पुढचा कागद दुमडायचा तर आधी क्रीझिंग करून (घडीची रेघ दाबून) घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते. ए-फोरच्या तीन पट्ट्यांच्या पत्रकात आत जाणारी पट्टी तीन मिलिमीटर अरुंद ठेवा: १००, १०० आणि ९७. तिन्ही सारख्या केल्या तर आतली पट्टी फुगून बसते. मधून पिन मारायच्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत. मजकूर १४ पानांचा झाला तर दोन पाने वाढवायची की कापायची ते सुरुवातीलाच ठरवा.

काळी अक्षरे फक्त काळ्या शाईची, म्हणजे के १०० आणि बाकी शून्य. आरजीबीतला काळा छपाईत चारही शाईंचा होतो. मशीन केसभर सरकली की बारीक देवनागरीच्या कडेला रंगीत सावली दिसते. मोठा काळा पट्टा मात्र नुसत्या काळ्याने राखाडी दिसतो, त्याला सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० द्या. फोटो खऱ्या मापात ३०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके).

छापखान्यात कोरलड्रॉची जुनी आवृत्ती आणि त्यांचेच फॉण्ट असतात. उघडी फाइल दिली की जोडाक्षरे फुटतात. अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्या आकृत्या करून, पीडीएफ द्या, स्वतःकडे कर्व्ह न केलेली प्रत ठेवा. 'आम्ही इथेच जरा दुरुस्त करतो' असे म्हटले तर नम्रपणे नकार द्या. दुरुस्ती कार्यालयातल्या मूळ फाइलमध्येच व्हावी, नाहीतर पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा छापली जाते. मग त्याच कागदावर एक नमुना प्रत मागा, त्यावर सही करा, तारीख घाला.

फ्लेक्सला वेगळे नियम. १० फूट म्हणजे १२० इंच. ७२ डीपीआयने ८,६४० पिक्सेल रुंदी पुरते, ३०० डीपीआयची फाइल नुसती मशीन अडकवते. पन्नास फुटांवरून आरामात वाचायचे तर मात्रा सोडून अक्षर पाच इंच उंच हवे. कडेला आयलेट (दोरीसाठीच्या धातूच्या कड्या) आणि दुमडीसाठी तीन इंच मोकळे. ३ बाय ६ फुटांच्या गुंडाळी स्टँडीत खालचे चार-सहा इंच पेटीत जातात आणि त्यावरचे फूटभर खुर्च्यांमागे लपतात, म्हणून मुख्य मजकूर वरच्या अर्ध्यात ठेवा. पावसाळ्यात एका बाजूने लॅमिनेशन केलेला कागद वळतो. जुलै-ऑगस्टच्या कामाला एक जादा दिवस वाळण्यासाठी मागून घ्या.

पडद्यावरच्या कामाबद्दल थोडक्यात: उभी प्रतिमा १०८० बाय १३५०, स्टोरी १०८० बाय १९२० आणि तिच्या वर-खाली साधारण २५० पिक्सेल रिकामे. अक्षर आणि पार्श्वभूमीचा फरक किमान ४.५ ला १. व्हॉट्सॲपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली तर बारीक अक्षरे धुरकट होतात.

हक्क, नाव आणि मोबदला

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा मालकसंस्था असते. विद्यार्थी नोकर नाही. त्यामुळे लेखी करार नसेल तर पोस्टरचा हक्क कोणाचा यावर वाद होऊ शकतो. कार्यालयाला वापर हवा असेल तर पहिल्याच आठवड्यात एक पानाचा करार करा. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा, कारण मुदत न लिहिल्यास कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश न लिहिल्यास भारतापुरताच. विद्यार्थ्याला आपल्या संग्रहात ते दाखवण्याची मुभा त्याच करारात ठेवा. पोस्टरच्या कडेला सहा-सात पॉइंटमध्ये त्याचे नाव छापा. विभागांनी हरकत घेतली तरी यावर ठाम राहावे, असे आमचे मत आहे. मानधन देता आले तर उत्तमच, आणि छपाईच्या चकरांचा प्रवासखर्च तर द्यायलाच हवा.

गुगलवर सापडलेला फोटो वापरायचा नाही. कार्यक्रमात फोटो काढणार असाल तर दाराशी तसा फलक लावा. जवळून काढलेल्या फोटोला त्या व्यक्तीची संमती घ्या, अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची.

शेवटचे दोन आठवडे

चौदाव्या आठवड्यात प्रत्येकाने आपली तीन कामे निवडावीत आणि प्रत्येकाबरोबर चार गोष्टी मांडाव्यात: मूळ ब्रीफ, पहिला कच्चा आराखडा, लाल खुणांची प्रत, छापलेली वस्तू. त्याखाली दोनशे शब्दांत लिहावे की काय बदलले आणि कोणाच्या सांगण्यावरून. नुसत्या अंतिम चित्रांच्या संग्रहापेक्षा मुलाखत घेणाऱ्याला हे जास्त सांगते. पोस्टर जिथे लागली होती तिथे जाऊन फोटो काढायला सांगा. खांबाआड गेलेला फलक, उन्हाने विटलेला लाल, कोणी वर चिकटवलेली दुसरी सूचना, हे सगळे पुढच्या कामाच्या ब्रीफमध्ये लिहायचे असते.

मूल्यमापनात दिसण्याला शंभरापैकी ३० गुण पुरेत. २५ मजकुराच्या अचूकतेला, २० छपाईच्या फाइलला, १५ वेळेला, १० इतरांच्या कामावर लिहिलेल्या शेऱ्यांना.

पंधराव्या आठवड्यात पुढच्या गटासाठी सुपूर्त करायचे सामान बांधा: उघड्या फाइल, वापरलेले फॉण्ट आणि त्यांचे परवाने, अद्ययावत नियमतक्ता, छापखान्यांची मापे आणि त्यांना लागणारे दिवस, विभागांचे संपर्क, प्रत्येक छापील कामाच्या दोन प्रती. एका पाठकोऱ्या वहीत सत्रातल्या सगळ्या चुका तारखेसह उतरवा आणि चूक कुठल्या पायरीवर निसटली तेही लिहा, करणाऱ्याचे नाव न घालता. ती वही पुढच्या गटाला पहिल्या दिवशी, जुनी पोस्टर देण्याच्या आधी, वाचायला द्या.